वरच्या वाडीचे गुण

वेल्ह्याच्या डोंगरातला चढ चढून हुमाबाई वरच्या वाडीत पोचल्या, तेव्हा अंगणवाडीतली नऊच्या नऊ पोरं गाढ झोपली होती. सकाळचे साडेदहा वाजले होते. हजेरी भरलेली होती, फक्त डोळे तेवढे मिटलेले.

हुमाबाई अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका. खालच्या गावातली अंगणवाडी त्या नुकत्याच तपासून आल्या होत्या. तिथं भिंतीवर रंगीत फळं काढलेली होती आणि पोरं पोपटासारखी गाणी म्हणत होती; दहापैकी नऊ गुण तिला देऊन झाले होते. दोन्हींपैकी जिला गुण जास्त, ती राहणार, दुसरी बंद. वरची बंद झाली तर या चिमुरड्यांनी ओढा ओलांडून तासभर खाली जायचं, म्हणजे कुणीच जायचं नाही. हे हुमाबाईंना कळत होतं, आणि इथल्या सेविका कोंडाबाईंना तर कळतच होतं.

वाडी धनगरांची. पहाटे चारला धारा, उजाडायच्या आत सगळे रानाच्या वाटेला. पोरंही मोठ्यांबरोबरच उठत आणि राहिलेली झोप इथं येऊन पुरी करत. कोंडाबाईंनी हे खाली मान घालून सांगितलं. तपासणी करायची तर पोरांना उठवायला हवं, असं हुमाबाई म्हणाल्या.

"उठवते की," कोंडाबाई म्हणाल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. "पर बाई, जनावर रवंथाला बसलं तर आमी त्येला उठवत न्हाई. ही तर लेकरं हायती."

हुमाबाई भिंतीला टेकून बसल्या. कुडाच्या फटींतून ऊन आत येत होतं. लांब कुठं तरी शेळीच्या गळ्यातली घंटा वाजायची, थांबायची. नऊ श्वास वर जात होते, खाली येत होते. फार बरं वाटत होतं तिथं. मिनिटभर म्हणून त्यांनी डोळे मिटले.

जाग आली तेव्हा ऊन पार दारापर्यंत सरकलं होतं. अंगावर घोंगडी होती. डोळे किलकिले करून पाहतात तो पोरं त्यांच्याभोवती गोल करून बसलेली, तोंडातून चकार शब्द नाही. एकाला शिंक येऊ घातली, तर शेजारणीनं त्याचं नाकच चिमटीत धरलं. तेवढ्यात बाहेरून कुणी तरी कोंडाबाईंना मोठ्यानं हाक मारली. सगळ्यांत धाकटी पोर दुडुदुडु दारात गेली.

"वरडू नगा," ती कुजबुजली. "बाई निजल्यात."

हुमाबाई शरमल्या, आणि त्यांना भरूनही आलं. उठून त्यांनी तपासणीचा कागद काढला. फळं, रंग, गाणी, काहीच विचारलं नाही. गुणांच्या चौकटीत दहापैकी दहा मांडले. 'मुलांना काय येते' या रकान्यापाशी मात्र पेन घटकाभर थांबलं. मग त्यांनी लिहिलं, 'दुसऱ्याची झोप मोडू नये, हे सगळ्यांना येते.'