वाटीभर खिचडी

"सही कर, आई. बाकी मी देखून घेते," विनीता म्हणाली आणि तिने तीन पानी तक्रार टेबलावर ठेवली.

एरवी वृंदाताईंनी लगेच टोकलं असतं, देखून नाही गं, बघून. कोलकात्यात वाढलेल्या पोरीचं मराठी सुधारता सुधारता त्यांची निम्मी हयात गेली होती. आज त्यांना काही सुचत नव्हतं. बेहाला भागातल्या त्या फ्लॅटमध्ये आतल्या खोलीत मनोहरराव पडून होते. पंधरवड्यापूर्वी सर्जनने त्यांचं पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता. हाती दोन-तीन महिने, फार तर.

तक्रार होती डॉक्टर शंतनु घोषाल यांच्यावर. तीन वर्षांपूर्वी मनोहररावांचे थोरले भाऊ याच आजाराने गेले, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्या असं सांगण्यात आलं. मनोहररावांच्या आतड्यात दुर्बीण घालून तपासणी केली ती या घोषालांनी. तेव्हा ती नुसती मटारएवढी गाठ असणार, दिसली असती तर तिथल्या तिथे कापून टाकता आली असती, असं आताचे डॉक्टर म्हणाले होते. विनीता तेव्हा बंगलोरला नोकरीला होती, त्याचा राग तिला वेगळाच. या माणसाने घाई केली, नीट पाहिलं नाही, याला पुन्हा दुर्बिणीला हात लावू देऊ नये, असं तिने लिहिलं होतं. जुना रिपोर्ट घरात कुठे सापडेना. बाबा म्हणाले, आठवत नाही. हॉस्पिटलकडून नक्कल मागवली होती, ती चार दिवसांत येणार होती.

वृंदाताईंनी पेन उचललं आणि परत ठेवलं. बाबांना एकदा विचारते, एवढंच म्हणाल्या. विनीता कपाळाला हात लावून औषधं आणायला खाली गेली.

विचारायचं काय होतं? घोषालांचा काही दोष नव्हता, हे त्यांना चांगलं माहीत होतं. गेल्या आठवड्यात विनीतालाही तीच तपासणी सांगितली आणि एक छापील इंग्रजी कागद दिला. आदल्या दिवशी दाणे नकोत, बिया नकोत, साबुदाणा नको. आतड्यात राहतात आणि गाठ झाकली जाते. तो कागद वाचताना वृंदाताई साबुदाणा या शब्दापाशीच थांबल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी मिळालेला कागद बंगालीत होता. तीस वर्षं या गावात राहून त्या बाजारात भांडण्याइतकं बंगाली बोलायच्या, पण वाचायला काही शिकल्या नव्हत्या. नर्सने तोंडी सांगितलं ते त्यांच्या लक्षात राहिलं. पोळी नको, भाजी नको, डाळ नको, दूध नको, फक्त पातळ द्या.

आणि तपासणीच्या आदल्या संध्याकाळी पाचला मनोहरराव भुकेने कासावीस झाले. पोट साफ करायचं खारट औषध अजून दोन लिटर प्यायचं होतं. उद्याचं रद्द कर, मला नाही जमायचं, असं ते म्हणू लागले. तीन महिने मागे लागून त्यांना तयार केलेलं. वृंदाताईंनी झटपट वाटीभर साबुदाण्याची खिचडी केली, दाण्याचं कूट घालून. जे उपवासाला चालतं त्याला खाणं थोडंच म्हणायचं? सकाळी नर्सने विचारलं, काही खाल्लंय का? त्या म्हणाल्या, नारळपाण्याशिवाय काही नाही. खरं सांगितलं असतं तर त्यांनी परत पाठवलं असतं, आणि हे परत कधी आले नसते.

स्वतः मात्र त्यांनी आदल्या सकाळपासून अन्नाचा कण घेतला नव्हता. नवरा उपाशी आणि आपण जेवायचं, हे त्यांच्या हातून होण्यातलं नव्हतं. डायबेटिसच्या गोळ्या तेवढ्या वेळच्या वेळी घेतल्या, त्याही उपाशीपोटी. व्हायचं तेच झालं. तपासणी संपायच्या आत त्या हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये कोसळल्या. डोळे उघडले तेव्हा हाताला ग्लुकोज लावलेलं होतं आणि शेजारी मनोहरराव बसले होते, मांडीवर रिपोर्टचं पाकीट घेऊन. सगळं ठीक आहे, काही निघालं नाही, असं ते म्हणाले होते. केवढं हायसं वाटलं होतं तेव्हा!

आता त्या उठून आत गेल्या. मनोहरराव जागेच होते. वृंदाताई पलंगाच्या कडेला बसल्या आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. न वाचलेला कागद, खिचडी, नर्सशी बोललेलं खोटं. त्या माणसाची नोकरी घालवायला मी कुठल्या तोंडाने सही करू, म्हणाल्या. मग पदर तोंडाशी धरला.

"अहो, मीच मारलं तुम्हाला," त्या म्हणाल्या.

मनोहररावांनी चाचपडत बायकोचा हात धरला. त्यांच्या हातात आता काही जोर उरला नव्हता.

"सही करू नकोस. घोषालांनी बरोबर ओळखलं होतं," ते म्हणाले. "आत दाण्याचे कण आहेत, काहीच धड दिसत नाही, महिन्याभरात पुन्हा करावीच लागेल, असं लिहून दिलं होतं त्यांनी. मलाही बजावून सांगितलं. तो कागद मी घरी येतानाच फाडून टाकला."

"पण का?" वृंदाताईंनी विचारलं.

"बाहेर आलो तर तू बाकावर निपचित पडली होतीस. पुन्हा तपासणी म्हटली असती, तर तू पुन्हा माझ्याबरोबर उपाशी राहिली असतीस."