सिस्टर डूसूरचं मेडल

"मेडल मला नको," इवेरेनआजी तिसऱ्यांदा म्हणाली. "द्यायचंच असेल तर आमच्या सिस्टर डूसूरना द्या. नाहीतर गाडी वळवा."

ऑर्डुएन साहेब राज्य पुरस्कार समितीचे. राजधानीहून लाल धूळ खात ते आजीचा गौरव करायला आले होते. निम्मं गाव आजीच्या हातावर जन्मलेलं, तेही फुकट. समाजसेवकाच्या मेडलसाठी याहून चपखल माणूस कुठून आणणार? आणि ही बाई गावच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सचं नाव पुढे करत होती.

"आजी, मेडलसाठी लोक आमच्या दारात झोपतात."

"मग त्यांना उठवा आणि द्या."

अंगणात नात सेवेसे खरबुजाच्या बिया सोलत बसली होती. तिला आठवा लागला होता, पहिलंच होतं. आजीची नजर मंदावली होती, हात थरथरायचे. हे बाळंतपण दवाखान्यात, सिस्टरच्या हातून व्हायला हवं, हे तिने साहेबांना सरळच सांगितलं. साहेब मनात हसले. म्हातारी पक्की आहे, आत्तापासून वशिला लावतेय.

सिस्टरचं काम कसं आहे, असं त्यांनी विचारलं. आजीने जरा विचार केला. मग म्हणाली, सहा वर्षांत सिस्टरनी कुणावर आवाज चढवला नाही, कुणाकडून लाचेचा एक नायरा घेतला नाही, त्यांच्या हातून एकही रोगी दगावला नाही. भोवती जमलेल्या बायांनी माना डोलावल्या. दवाखान्यातल्या चादरी तरी बघा, एक म्हणाली, अजून नव्याकोऱ्या. साहेबांनी जाऊन दवाखान्याच्या खिडकीतून आत पाहिलं, खरंच होतं. सिस्टर आज नाहीत, असंही कळलं. तेवढ्यात कुटलेल्या याम-कंदाचा गोळा आणि भेंडीचं कालवण पुढ्यात आलं आणि उरलेली चौकशी त्यात बुडाली.

निघताना आजीने गाडीचं दार धरून ठेवलं. "मेडल त्यांच्याच गळ्यात घालणार ना? दुसऱ्या कुणाच्या हाती नाही ना देणार?"

"स्वतः यावंच लागतं. गव्हर्नरसाहेब घालतात, टीव्हीवर दाखवतात."

"मग झालं," म्हणत आजीने दार सोडलं.

साहेबांनी रीतसर आरोग्य खात्याला विचारलं. सिस्टर डूसूर सहा वर्षं एकही रजा न घेता त्या गावात हजर आहेत, असं खात्याने उलट टपाली कळवलं. आमच्याकडे अशी माणसं पुष्कळ आहेत, असं खाली अभिमानाने जोडलं होतं.

समारंभाला आजी बस भरून बाया घेऊन आली. नाव पुकारलं आणि सिस्टर डूसूर स्टेजवर चढल्या. पांढरा गणवेश, त्यावर घडीच्या रेघा अजून ताज्या, पायात उंच टाचा. आजीच्या रांगेने टाळ्यांनी सभागृह डोक्यावर घेतलं. गव्हर्नरांनी मेडल घातलं. कॅमेरे चालूच होते, म्हणून गावातल्या कुणीतरी दोन शब्द बोलावेत, अशी त्यांनी इच्छा दाखवली. आजी तोवर निम्म्या पायऱ्या चढली होती.

"साहेब, ह्यांच्यावाचून आमचं सगळं अडलंय," ती माइकवर म्हणाली. "बस बाहेर उभी आहे. आम्ही सिस्टरना न्यायला आलोय. आजच न्यायचंय."

सभागृह गहिवरलं. गव्हर्नरांचा रुमाल डोळ्यांपर्यंत गेला. महिन्याभरात मी स्वतः, टीव्हीवाल्यांसकट, सिस्टरना त्यांच्या दवाखान्यात भेटायला येईन, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. घरून सामान आणायला हवं, सिस्टर पुटपुटल्या.

आजीने त्यांचं मनगट धरलं. "दवाखाना आहे तसाच आहे, सिस्टर. कुणी हात लावलेला नाही."

बायांनी गात, नाचत त्यांना बसपर्यंत नेलं. त्यांचा एक टाचेचा बूट सभागृहाच्या पायरीवर राहिला. तो आणायला कुणी मागे वळलं नाही.

दिवस कलताना बस गावात शिरली. सिस्टर उतरल्या आणि शाळेच्या इमारतीकडे चालू लागल्या. आजीने दंड धरून त्यांना दवाखान्याकडे वळवलं. सेवेसे पोट सावरत दाराशी आली आणि बघतच राहिली.

"अशा दिसतात होय आपल्या सिस्टर?"

"सहा वर्षांत मीही आजच पाहिल्या," आजी म्हणाली. "पण आता सगळ्या राज्यानं पाहिल्यात."