मेहुण्याचा दोर

या, सरकून जवळ बसा. बुवा कीर्तनाला उभे राहण्याआधी चहा फिरतोय, तेवढ्यात मावेल अशी शंभर शब्दांची गोष्ट सांगतो. धुळ्यात कड्यावरून दोराने उतरणं म्हणजे लोकांना सर्कस वाटायची, तेव्हाची.

लळिंगच्या कड्यावर अभिमनभाऊ कॉलेजच्या पोरापोरींना उतरायला न्यायचे. आधी स्वतः उतरून कडा तपासायचे, मगच इतरांना सोडायचे. एक दोर खडकाला. दुसरा, जीव सांभाळणारा, मेहुण्याच्या म्हणजे भिकनच्या कमरेला. वरच्याने तोंडाने ‘धरला’ म्हटल्याशिवाय खाली पाऊल टाकायचं नाही, हा त्यांचाच नियम. पण त्या वर्षी लेकीच्या लग्नात मामालाच टोपी-टॉवेल द्यायचा राहिला आणि भिकनने बोलणं टाकलं. तरी तो आला, दोर कमरेला घेऊन खडकाआड पाय रोवून बसला. भाऊंनी विचारलं, “धरला?” भिकन शेजारच्या पोरीला म्हणाला, “त्यासले सांग, धरेल शे.” पोरं हसली. भाऊ काठावर उभेच. “निरोपावर मी उतरत नाही. सामान आवरा.” पोरांचे चेहरे पडले. भिकन मान वळवून ओरडला, “धरेल शे, दाजी! उतरा आते. मन्ही बहीणनं कुकू बांधेल शे ह्या दोरले.”

आज भाऊ नाहीत, भिकनही नाही. काठाखाली उतरलेल्याला वरचा दिसत नसतो. दोर ढिला पडत नाही, एवढ्यावरून ओळखायचा. आता बुवा उभे राहतील. त्यांच्यासोबत नाम घ्याल, तेव्हा मनात भिकनलाही एकदा हाक मारा. रुसलेला असला तरी ओ देईल.