झोपलेला धनुर्धर

"रानाला वणवा लागलाय, पळा!" खेळ चालवणारी शाल्मली म्हणाली, तशी टेबलाभोवतीच्या तिघांनी आपापले वीर नकाशावर नदीपार सरकवले. धनुर्धर तेवढा झाडाखाली झोपून राहिला. तो निनादचा. जो खेळायला आला नाही त्याचा वीर झोपलाय असं धरायचं, हा त्यांचा रिवाज. निनादला जाऊन वर्ष होत आलं, तरी त्याच्याच घरी, त्याच्याच टेबलावर धनुर्धर आपला झोपलेला. त्याला मारायचा धीर शाल्मलीला होत नव्हता.

चहा घेऊन आलेली निनादची आई थबकली. "अगं, जळेल की तो! आण इकडे, मी टाकते फासा."

वीस बाजूंचा फासा घरंगळला आणि एकावर थांबला. एक म्हणजे मरण.

"उठला, काकू!" शाल्मली घाईघाईनं म्हणाली. "पोचला बघा नदीपार."

"खोटारडे! एक पडला की काय होतं, ते शिकवलंय मला त्यानं."

निनादची खुर्ची ओढून काकू बसल्या.

"तुम्ही व्हा पुढं, पोरांनो. त्याच्यापाशी मी बसते."