तीन खिडक्या

बाबांनी चौथी तार छेडली. हेडफोनच्या उजव्या कानात आवाज आला, डाव्यात नेहमीप्रमाणे काहीच नाही. डावी बाजू मेलेली आहे, असं त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. तीस वर्षं वायरमनची नोकरी केलेल्या माणसाला एवढं कळतंच.

गिटार मुलीची. इलेक्ट्रिक टेनर, चारच तारांची, सडपातळ मानेची. सहा वर्षं कपाटावर पडून होती. मुलगी लॅबमधून चारला येई, म्हणून बाबा तीन ते पावणेचार वाजवत. मग पुसून, पिशवीत घालून, होती तशी वर ठेवून देत. जुनी धूळ परत घालता आली असती तर तीही घातली असती.

आज साडेतीनलाच दार उघडलं. बाबांना पत्ता नाही. वायर हलली तेव्हा ते दचकले. मुलगी स्पीकरपाशी वाकली होती. तिने अंगठ्याने हेडफोनची पिन आत रेटली. टक् झालं आणि डावा कान जिवंत झाला.

बाबांनी हेडफोन उतरवला.

"अर्धीच बसली होती," मुलगी म्हणाली. "पूर्ण बसल्याशिवाय स्पीकर बंद होत नाही. वायरमन ना तुम्ही?"

"म्हणजे बाहेर..."

"जिन्यात मस्त ऐकू येतं. पार तळमजल्यापर्यंत."

बाबांचे कान तापले. "तुला कधीपासून माहीत?"

"सोमवारपासून. शिफ्ट बदललीय माझी. सव्वातीनला येते आणि तुमचं होईपर्यंत पायरीवर बसते. खालच्या काकूंनी चटई दिलीय."

"मग आत यायचं ना!"

"आले असते तर तुम्ही थांबला असता." तिने गिटार त्यांच्या मांडीवरून उचलली. "आज मात्र राहवलं नाही. दुसरी तार उतरलीय. चार दिवस सोसली मी."

बाबा आपल्या बोटांकडे बघत राहिले. टोकांवर तारांचे वळ होते. तिच्याही बोटांवर असत. ती वाजवायला बसली म्हणून ते तिला कधी रागावले नव्हते, एका शब्दानेही नाही. नुसते उठायचे आणि खिडक्या लावायचे. एक, दोन, तीन. आजूबाजूला लोक राहतात. चौथ्या महिन्यानंतर खिडक्या लावायची गरज उरली नाही.

मुलीने पिन ओढून काढली. स्पीकर गुणगुणू लागला. ती खाली बसली, खुंटी किंचित पिळली, शेजारची तार छेडून बघितली, पुन्हा पिळली. सहा वर्षांनीही तिला खुंटी शोधावी लागली नाही.

"आता असंच वाजवा. मोठ्याने."

"आत्ता? सगळे जागे आहेत."

"असू देत की."

"खालच्या काकू काय म्हणतील?"

"त्यांना वाटलं होतं, वर कुणीतरी मिक्सर दुरुस्त करतंय. मी सांगितलं, मिक्सर नाही हो, माझे बाबा आहेत." ती हसली. तार अजून पुरती लागली नव्हती. मान खाली घालून ती पुन्हा खुंटी पिळू लागली.

बाबा उठले. तळहात शर्टाला पुसत खिडकीशी गेले आणि काही कळायच्या आत त्यांच्या हाताने पहिली खिडकी लावून घेतली. कडी खट्कन बसली.

मागे तार गप्प झाली. बाबांनी वळून बघितलं. मुलीची बोटं खुंटीवर थांबली होती, मान तशीच खाली.

अजून दोन कड्या वाजायच्या होत्या.