इंजिन गरम होऊ दे

पावणेनऊ वाजता चष्मेवाल्याने नव्या गाडीच्या चारही काचा खाली केल्या, फोनवर बोट टेकवलं, आणि जुनी गाडी सुरू झाली.

आधी दोनदा खोकली. मग धरली. मग ती ओळखीची टकटक, जणू आत कुणी खिळा ठोकतंय. नव्या गाडीच्या सहा स्पीकरांतून हा सगळा खडखडाट अगदी स्वच्छ बाहेर पडत होता. ही गाडी आवाज करत नाही, याचं कंपनीने जाहिरातीत फार कौतुक केलं होतं.

तो आवाज ऐकत गाडीजवळ थांबणं त्याला जमत नसे. फोन हातात घेऊन तो फाटक उघडायला जाई. फाटक भयंकर करकरे, आणि तेच त्याला बरं वाटे. ते उघडलं की फोन बंद करायचा, गाडीत बसायचं आणि मांजराच्या पावलांनी रस्त्याला लागायचं. वरच्या मजल्यावर खिडकीशी बाबा बसलेले असत. दोन वर्षांपासून त्यांना उजेड आणि सावल्या यापलीकडे काही दिसत नव्हतं. कान मात्र शाबूत होते.

बाबांना सगळे क्लचमास्तर म्हणत. बावीस वर्षं त्यांनी त्या जुन्या गाडीवर लोकांना शिकवलं. गावातले निम्मे लोक तिच्यावर गाडी शिकले, उरलेले तिला बघून बाजूला व्हायला शिकले. शिकाऊ माणूस गाडी बाहेर काढू लागला की आई त्याच खिडकीतून ओरडे, "किल्ली घेतलीस का?" गाडी सुरू आहे, माणूस घामाघूम झालाय, आणि ही किल्ली विचारतेय. बाबा हसता हसता ब्रेक दाबायचं विसरत. आई गेली त्याला आता आठ महिने झाले होते.

आणि गाडी कुठल्याशा कारखान्यात चेपून चौकोनी ठोकळा झाली होती.

त्याचं असं झालं. विजेच्या गाड्या शोरूममध्ये तीन वर्षं नुसत्या उभ्या होत्या. लोक येत, एसीत बसत, दारं उघडून-लावून बघत आणि घरी जात. मग सरकारने जाहीर केलं की जुनी गाडी मोडीत काढा, नवी विजेची घ्या, किमतीचा पाचवा हिस्सा आम्ही देतो, निधी संपेपर्यंत. त्या दिवसापासून मागणी अशी वाढली की विचारू नका. पण ती भंगार गाड्यांना. ज्यांच्याकडे मोडायला काही नव्हतं ते चालू गाड्या विकून मोडक्या शोधत हिंडू लागले. शोरूमवाल्याने चष्मेवाल्याला सकाळी फोन केला तेव्हा अनुदानाच्या सात जागा उरल्या होत्या. दुपारी केला तेव्हा चार.

गाडी बाबांच्या नावावर होती. विचारलं असतं तर ते नाहीच म्हणाले असते, याची त्याला खात्री होती. म्हणून तो कागद घेऊन वर गेला, विम्याचा आहे म्हणाला, आणि त्यांचं बोट सहीच्या जागेवर नेऊन ठेवलं. दिवसभर गिऱ्हाइकांना 'खालची ओळ वाचा' सांगणाऱ्या माणसाने स्वतःच्या बापाला वरचीसुद्धा ओळ वाचून दाखवली नाही.

आवाज फोनमध्येच होता. मागल्या वर्षी इंजिन टकटकू लागलं तेव्हा मेकॅनिकने रेकॉर्ड करून पाठवायला सांगितला होता. दोन दिवस ऐकवू आणि मग खरं सांगू, असं त्याने बायकोला सांगितलं होतं. त्याला तीन महिने झाले.

"ऐकवा आणखी दहा वर्षं," बायको म्हणाली. "तोवर नवीचाही खडखडाट सुरू होईल."

संध्याकाळी जेवताना बाबा गाडीची विचारपूस करत. एकदा म्हणाले की हिची हल्ली कमाल आहे, रोज बरोबर दुसऱ्या खोकल्याला धरते. त्याने न मागताच त्यांना आमटी वाढली. बाबांची तक्रार एकच असे.

"फार घाई करतोस. इंजिन जरा गरम होऊ दे. थोडं थांबत जा."

तो हो म्हणे. दुसऱ्या दिवशी त्याला आवाज आणखीच सोसवत नसे, आणि तो आणखी लवकर बंद करी.

शनिवारी अनुदान खात्याचा तपासनीस आला. काही ठिकाणी सह्या फसवून घेतल्याचं निघालं होतं, म्हणून जुन्या मालकाला समक्ष विचारायचा हुकूम होता. मालक नाही म्हणाला तर अनुदान परत, वर फसवणुकीचा गुन्हा. चष्मेवाल्याने त्याला जिन्यातच अडवलं. बाबांना कमी ऐकू येतं, झोपलेत, पुढच्या आठवड्यात या, असं काहीबाही तो सांगू लागला.

"मला नीट ऐकू येतं," वरून आवाज आला. "पाठव त्यांना."

तपासनीसाने गाडीचा नंबर वाचला आणि विचारलं, ही गाडी मोडीत काढायला तुम्ही स्वखुशीने दिलीत का? चष्मेवाला भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. त्यावर मागचाच महिना होता.

"दिली," बाबा म्हणाले. "सहीसुद्धा माझीच. विम्याच्या कागदावर करतो तशी."

तपासनीसाने कागदावर खूण केली आणि तो गेला. त्याची पावलं जिन्यावरून पार खाली उतरली. मग चष्मेवाला बाबांच्या पायाशी जमिनीवर बसला. कधी कळलं, एवढंच त्याच्या तोंडून कसंबसं निघालं.

"पहिल्याच दिवशी. ती टकटक मेकॅनिकने तेव्हाच काढून दिली होती. विसरलास?"

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

"बोललो असतो तर तू ते बंद केलं असतंस."

चष्मेवाल्याने डोळे पुसले आणि खिशातून फोन काढला. आता हा खोटेपणा पुरे, आत्ताच्या आत्ता काढून टाकतो, असं काहीतरी तो पुटपुटला. बाबांनी चाचपडत त्याचं मनगट शोधलं आणि घट्ट धरलं.

"काढू नकोस. फक्त थोडं थांबत जा रे. तू बंद करतोस तेव्हा त्यात तुझी आई खिडकीतून नुसतं 'किल्ली' एवढंच म्हणालेली असते."