सुनेसाठी साडी

सातवी साडी उलगडून झाली तरी पोरीच्या कपाळावर आठी नाही, तेव्हा सुगंधाबाईच्या मनात पाल चुकचुकली.

मानवतच्या बाजारातलं हे साड्यांचं दुकान, त्यात दुपारची वेळ. अशा वेळी दुकानातल्या पोरी जांभया देतात, गिऱ्हाईक आलं तर तोंड वाकडं करून उठतात. सुगंधाबाईला हे कुणी सांगायला नको. वालूरची ही बाई दोन वर्षं तेच बघत आली होती. पुण्याची एक कंपनी तिला गिऱ्हाईक बनवून पाठवायची, कधी पेट्रोल पंपावर, कधी चपलांच्या दुकानात. तिथं चार नखरे करायचे, कोण कसं वागलं ते फोनवर भरून द्यायचं, आणि दुकानदाराला पत्ता लागू द्यायचा नाही. शेतीला तेवढाच जोडधंदा.

आज मात्र कंपनीनं पाठवलं नव्हतं. समोरची पोरगी, अर्पिता, सुगंधाबाईच्या लेकाला, आदिनाथला आलेलं स्थळ होती.

आदिनाथ बत्तीस वर्षांचा. शिकलेला, सुपारीचंही व्यसन नाही, जमीन ओलिताची. पण शेती करतो म्हटलं की पोरीवाले चहा पिऊन उठायचे. चार वर्षं सुगंधाबाईच्या घशाखाली घास धड उतरत नव्हता. अशात तिचे चुलत दीर बन्सीधर निरोप घेऊन आले. पोरगी मानवतला साडीच्या दुकानात कामाला हाय, तिच्या मामाला शेतकरी जावई चालतोय. स्थळ आपल्या पायांनी चालत आलं म्हटल्यावर बाईला आनंदाच्या आधी शंका आली. जिला कुणीही मागणी घालील ती पोरगी आपल्याच दारात कशाला येईल? काहीतरी खोट असणारच.

तिच्यासारख्या गुपचूप गिऱ्हाइकांचा फोनवर एक ग्रुप होता. नांदेडपासून जालन्यापर्यंतच्या बाया त्यात एकमेकींना युक्त्या सांगायच्या. काल तिनं नाव न घेता विचारलं, दुकानातल्या पोरीचा खरा स्वभाव कसा काढायचा? सल्ल्यांचा पाऊस पडला. माल भरपूर काढायला लावा. मधेच फोनवर बोलत बसा. घेते घेते म्हणून नको म्हणा. आणि सगळ्यात शेवटी मालकाकडं खोटी तक्रार करा, माणूस तिथं उघडा पडतो.

"ही नको गं. रंग विटल्यावानी दिसायलाय," सुगंधाबाई म्हणाली.

"बरं काकू. दुसरी दाखवते."

पोरीनं आणखी चार काढल्या. सुगंधाबाई मधेच फोन कानाला लावून दहा मिनिटं बोलली, पलीकडं कुणी नसताना. पोरगी साडी हातात धरून उभी राहिली. कामात मात्र ती कच्ची वाटली. किंमत विचारली तर चिठ्ठी शोधत बसली. इरकल कुठल्या फळीवर आहे ते शेजारच्या बाईला विचारलं. घडी तर तिला एकदाही धड जमली नाही.

"कुणाला घ्यायलाव, काकू?"

"सुनेला."

"लग्न झालं का त्यांचं?"

"ठरल्यातच जमा हाय."

"मग त्यांना कोणता रंग आवडतो?"

"तिला काय विचारायचं त्यात? आपण देऊ ती नेसायची."

"बराबर हाय," पोरगी हसली. "शिकलेली हाय का सून? नोकरी करू देणार?"

"आता करती हाय म्हणं कुठंतरी. लग्नानंतर कशाला? घरचं काम थोडं असतंय का?"

पोरीनं मान हलवली आणि नवी साडी उलगडली.

सुगंधाबाईचा संशय आणखी घट्ट झाला. दुकानाला बातमी लागली की असंच होतं, सगळे एकाएकी गोड होतात. गल्ल्यावरचा जाडजूड मालकही मघापासून चोरून इकडं बघत होता, आणि नजर मिळाली की वहीत डोकं घालत होता. कंपनीची बाई म्हणून आपल्याला ओळखलं की काय? मग ही पोरगी नाटक करायली. नाटकी सून घरात आली तर आपल्या भोळ्या लेकराचा जन्म वाया. आता शेवटची युक्ती केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

ती तरातरा गल्ल्यापाशी गेली.

"कसली माणसं ठेवलीत हो तुमी? अर्धा तास झाला, हिला धड साडी दाखवता येईना. वर उलटून बोलायली मला."

धादांत खोटं. बोलताना तिची जीभही जरा अडखळली. मालकानं पोरीकडं बघितलं. अर्पिता पुढं आली. डोळ्यांत ना पाणी, ना राग.

"चुकलं असंल माझं, काकू. माफ करा."

सुगंधाबाई एकही साडी न घेता बाहेर पडली आणि बसस्थानकाच्या बाकड्यावर येऊन बसली. तिथं तिला भरून आलं. एवढा छळ नाटकात कुणी सोसत नाही. पोरगी अस्सल होती. दुकानातलं काम धड जमत नव्हतं बिचारीला, पण स्वभाव सोन्याचा. तिनं ग्रुपवर लिहिलं, 'दहापैकी दहा.' मग बन्सीधरला फोन लावला.

"भावजी, होकार कळवून टाका. साखरपुडा ह्याच महिन्यात धरू."

"वहिनी, पोरीच्या मामाचा आत्ताच फोन आला. नको म्हणत्यात ते."

"नको? दुकानात साड्या दाखवणारी पोरगी, अन् माझ्या लेकाला नको?"

"ती कुठं हाय कामाला तिथं? परभणीला कॉलेजात शिकवती. दुकान मामाचं हाय. मला बी आत्ताच कळलं. स्थळ पसंत पडायलंय असं दिसलं की मामा ती दुकानात कामाला हाय म्हणून सांगतो, अन् सुटीत तिला तिथं उभी करतो. पोराची आई गुपचूप बघायला येतीच म्हणं. आदिनाथनं धाडलेल्या फोटोत तुमी त्याच्या शेजारी हाव, दारातच ओळखलं तुमाला. वहिनी, तुमी पाचव्या."